धूप

डेल व्होंद्राचा अर्ज आलाय:
घराच्या उत्तरेची झाडं काढायची.
दहा ओळी, अर्धा मैल.
फिरत्या पाणीयंत्राचा लोखंडी हात तिथं अडतो.

नेब्रास्कातलं ऑर्ड. माती जपण्याचं सरकारी ऑफिस.
माझं नाव इथं कुणाच्या जिभेवर बसत नाही,
‘मातीवाली बाई’ म्हणतात. चालतं.
जुनी कपाटं माझ्याकडेच असतात,
दुसरं कुणी ती उघडत नाही.

१९३६. कार्डाचा कोपरा उंदरानं खाल्लेला.
ओटाकर व्होंद्रा. सही पेन्सिलीची,
पुसता यावी म्हणून असेल.
खाली निरीक्षकाचा शेरा:
इसम तयार. बायको जास्त तयार.
म्हणते, ताटं पालथी मांडून जेवायला बसतो,
घास घ्यायच्या वेळी उलटी करतो.

ओटाकरच्या बापाला ही जमीन सरकारनंच दिलेली.
एकशे साठ एकर; अट एवढीच,
पाच वर्षं राहा, कसून दाखवा.
नांगरामागून पाऊस चालत येतो
असं तेव्हा छापून यायचं, आणि छापलेलं खरं असायचं.
पुरुषभर खोल मुळांचं गवत त्यानं उलथलं.
युद्धात गव्हाला भाव आला, तेव्हा उरलंसुरलं कुरणही.
नांगरामागून आला तो वारा.

माती जाते तिला आमच्यात धूप म्हणतात,
देवापुढे जाळतात तोही धूप.
डेलला एकदा सांगितलं होतं हे.
‘दोन्हीला एकच शब्द?’ तो म्हणाला,
‘महागात पडत असेल.’

पडलंच की.
पठारावरची माती उठली, दीड हजार मैल गेली,
राजधानीच्या खिडक्यांवर तांबूस होऊन टेकली.
आत समित्या बसलेल्या. कुणी खोकलं असेल,
कुणी रुमालात पाहिलं असेल.
त्याच वसंतात कायदा झाला.
देव वाईट नसतो,
नाकाशी धूप जाईपर्यंत त्याला वेळ नसतो इतकंच.

मग बेकार माणसं आली फावडी घेऊन.
बाहेर रानटी प्लम, आत सेडार, मधोमध कॉटनवूड,
वाऱ्याला चढ चढायला लावणारी उतरंड.
शेजारी हसले: सरकार आता वाऱ्याला कुंपण घालणार!
सशांनी निम्मी रोपं खाल्ली. पुन्हा लावली.
कार्डावर दरवर्षीची मोजणी आहे,
शंभरातली एकसष्ट जिवंत, मग चौऱ्याहत्तर, मग सत्तर.
१९४२ नंतर रेघा कोऱ्या.
दुसरं युद्ध. मोजणारेच गेले.

पाणीयंत्राचं अनुदान शेजारच्या खोलीतून मंजूर झालं.
भिंत पातळ आहे, मला ऐकू आलं.

दुपारी डेलबरोबर पाहायला गेले.
वाईट माणूस नाही तो. मक्याचा भाव सांगत होता,
एल्म कधीच वाळले म्हणाला, खरंच होतं ते.
‘आणि तसा वारा आता कुठं येतो?’
मी काही बोलले नाही. आम्ही ओळींच्या आत उभे होतो
आणि माझ्या हातातला कागद हलत नव्हता.

मग मी विचारलं, हा चढ कसला?
शेत सपाट, आणि झाडांखाली कमरेएवढा उंचवटा.
‘हा? पहिल्यापासून आहे. लहानपणी घसरगाडी इथूनच सोडायचो.’
मी टाचेनं उकरलं.
पाचोळ्याखाली पिठासारखी बारीक माती, दगड नाही, खडा नाही.
कुणाची कोण जाणे. कॅन्ससची, शेजाऱ्याची,
ओटाकरच्याच गव्हाखालची.
उडता उडता इथं पकडली गेलेली.

डेल बराच वेळ खाली पाहत राहिला.
‘म्हणजे मी आजोबांच्या शेतावरून घसरायचो,’ म्हणाला,
आणि लगेच, ‘पण यंत्र तर घेऊन झालंय.’

१९४२ च्या खालच्या रेघेवर मी आजची तारीख घातली
आणि दक्षिणेच्या टोकाहून मोजायला लागले.
तोही लागला, उत्तरेकडून, टोपी मागं सारून.
मधल्या ओळीत भेटलो.
आमचे आकडे जुळले नाहीत.